खरं

फॉर्मच्या शेवटी एक चौकोन असतो, ऐच्छिक :
तुमच्या गुणांत काही विसंगती असल्यास
पाचशे अक्षरांत खुलासा करा.

पदवीचे नऊ पूर्णांक एकतीस.
प्रवेशपरीक्षेचे चौऱ्याहत्तर पर्सेंटाइल,
वर आठ शतांश.
ते आठ शतांश मी कुठंच गाळत नाही.

काल रात्रीपासून अकरा खुलासे लिहिले, अकरा पुसले.
पहिल्यात मला ताप आला होता.
नव्हता आला.

हुबळीचं सेंटर. पहाटे साडेचारची बस,
कित्तूरला चहा, धारवाडला पोटात गोळा.
उताऱ्यात कुठल्याशा बेटावरचे पक्षी होते.
एकेक इंग्रजी वाक्य मी मराठीत उचलून आणलं,
पुसलं, उजेडात धरलं, समजलं,
आणि उत्तर घेऊन परत निघाले
तेव्हा पडद्यावरचं घड्याळ संपलेलं.
कॉलेजातही मी अशीच ये-जा करायचे.
तिथं सेमिस्टर होतं सहा महिन्यांचं,
इथं चाळीस मिनिटं.

त्याआधी वर्षभर गोवावेसचा क्लास.
सर म्हणायचे, वाचू नका, नजर फिरवा.
मला नजर फिरवता येत नाही.
कन्नडसुद्धा मी बसच्या पाट्या अक्षर-अक्षर लावत शिकले,
कितीदा तोवर बस गेलेली असायची.
क्लासनंतर मी एका पर्सेंटाइलनं पुढं सरकले.

गेल्या वर्षी पुण्याला मुलाखत झाली होती.
टेबलापलीकडे तिघं.
मधले म्हणाले, मिस मुतगेकर,
हे दोन आकडे एका माणसाचे वाटत नाहीत.
मार्क उत्तमच आहेत, पण
आणि पाणी प्यायले.

आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
मार्क चांगले हाईत, खरं...
एवढ्यावर थांबलं तरी चालतं,
पुढचं ऐकणाऱ्याला कळतं.
मी उत्तर 'खरं'नंच सुरू केलं.
कडेच्या बाई पेन सावरून पुढं झुकल्या,
त्यांना वाटलं आता कबुली येणार.
मग मी काय बोलले ते आठवत नाही.
निघताना त्या म्हणाल्या,
कर्नाटकातल्या असून मराठी छान आहे हं तुमचं.

बाबा उद्यमबागेत लेथवर, सत्तावीस वर्षं.
जेवताना मी स्कोअर सांगितला तेव्हा
त्यांनी खिशातून गेज काढलं, बोटाएवढं,
दोन टोकांचं, एका टोकाला लाल पट्टा.
म्हणाले, ह्ये टोक भोकात जायाला पायजे.
ह्ये लाल जायाला नको.
दोन्ही गेली तर भोक मोठं, माल भंगारात.
तुझं एक गेलंय, एक अडकलंय.
पास हाईस की तू.

आई म्हणाली, ताटात तेल पडतंय त्याचं.

मी हसले. खरं,
गेज त्यांचं होतं. कॉलेजकडं कुठलं असतं
ते फॉर्ममध्ये लिहिलेलं नसतं.
बाबांच्या कारखान्यातही, त्यांनीच सांगितलेलं,
गिऱ्हाईक कधी कधी स्वतःचं गेज घेऊन येतं
आणि चांगला माल परत जातो.
हे त्यांनी आज सांगितलं नाही.
मीही आठवण केली नाही.

आज दुपारी दोन वाजता साइट बंद होणार.
एक वाजून दहा मिनिटं झालीत.
अनगोळात या वेळी लाइट जाते.

बारावा खुलासा :
दोन्ही आकडे माझे आहेत.
मला इंग्रजी येतं, उशिरा येतं.
वेळ मिळाला की मी काय करते
ते पहिल्या आकड्यात आहे.
नाही मिळाला की काय होतं, ते दुसऱ्यात.

हे इंग्रजीत करताना मधे कुठंतरी
'बट' लिहावंसं वाटलं. नाही लिहिलं.
दोनदा वाचलं. नजर फिरवली नाही.

चौकोनाखाली उरलेली अक्षरं दिसतात :
दोनशे ऐंशी.
तेवढी रिकामीच सोडते.